हंगामी मजुराची मोकळीक

मार्च लागला की मुंबईत, गिरगावातल्या फणसवाडीच्या चाळींत गावच्या आंब्याच्या बागेचा विषय निघतोच. इथल्या कितीतरी घरांतली नावे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर अजून आहेत. विषय निघाला की तीन वाक्ये ठरलेली असतात. गडी मिळत नाही. नेपाळी आहेत म्हणून बागा उभ्या आहेत. आणि आपली माणसे रेशनच्या तांदळाने, रोजगार हमीने आळशी झाली. बागायतदारांच्या मेळाव्यांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांतही हेच ऐकू येते, आणि आता त्याला कुणी हरकतही घेत नाही.

मला ही समजूत उथळ वाटते, आणि तिच्यावर धोरणे ठरतात म्हणून ती घातकही आहे. माझे म्हणणे असे, की आपण जिला हंगामी शेतमजुरांची टंचाई म्हणतो, ती ठरावीक दराला, ठरावीक अटींवर आणि मुख्य म्हणजे मधेच सोडून न जाणाऱ्या मजुराची टंचाई आहे. अमेरिकेचा शेतमजूर व्हिसा, साखरपट्ट्यातली उचल आणि कोकणातला हंगामाअखेरचा हिशेब या वरवर अगदी निराळ्या वाटणाऱ्या व्यवस्था मजुराला एकाच मालकाशी बांधून ठेवतात. सुधारणा व्हायला हवी ती या गाठीत. मजूर आणखी कुठून आणायचे, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

टंचाई कोणत्या दराला?

बाजारात हापूस महागला तर कुणी 'हापूसची टंचाई, सरकारने काहीतरी करावे' असे म्हणत नाही. भाव वाढला, एवढेच म्हणतात. मजुराचा भाव वाढू लागला की मात्र लगेच टंचाई होते. या भाषेतच एक गृहीत दडलेले आहे. गेल्या वर्षीच्या मजुरीला, गेल्या वर्षीच्या खोपटात राहून, गेल्या वर्षीइतकीच माणसे येणे हा जणू निसर्गक्रम आहे, आणि ती आली नाहीत तर दोष त्यांच्या स्वभावात शोधायचा.

आळशीपणाचा आरोप तपासायला फार लांब जावे लागत नाही. ज्या तालुक्यांत कलमांना गडी मिळत नाही, तिथलीच मुले चाकण, लोटे, तळोजाच्या कारखान्यांत बारा-बारा तास उभी असतात, मुंबईत दुचाकीवरून घरोघरी जेवण पोचवतात. कष्टाला ती भ्यायलेली नाहीत. वर्षातले पाच-सहा महिने काम, उरलेले महिने काहीच नाही, आणि मजुरी मालकाच्या सोयीने, हा व्यवहार त्यांना मान्य नाही. हिशेब करून नाकारलेल्या कामाला आळस म्हणता येत नाही.

रोजगार हमीचेही तसेच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला सुरू झालेल्या आणि 1977 साली महाराष्ट्राने कायद्यात आणलेल्या या योजनेचा हेतूच असा होता, की माणसाजवळ दुसरा काहीतरी पर्याय असावा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोजगार हमीचा नवा कायदा केला. त्यात दिवस 100 वरून 125 केले, पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षाला एकूण 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही घातली. शेतमजुराचे मोल ज्या दिवसांत सर्वांत जास्त असते, नेमके तेच दिवस निवडून त्याचा दुसरा पर्याय काढून घ्यायचा, हा त्या तरतुदीचा अर्थ आहे. 'गडी मिळत नाही' या वाक्याचे कायद्यात रूपांतर कसे होते, याचा याहून स्पष्ट दाखला मला दुसरा दिसत नाही.

हीच तक्रार गिरण्यांनी केली होती

गिरगाव-परळच्या माणसाला ही तक्रार नवी वाटायला नको. मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 साली स्थापन झाली, आणि पुढची कित्येक दशके गिरणीमालक म्हणत राहिले की कामगार पुरत नाहीत, टिकत नाहीत, भाताच्या दिवसांत गावाला पळतात. मॉरिस डी. मॉरिस या अमेरिकी अभ्यासकाने 1965 साली मुंबईच्या गिरणी कामगारांवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने ही तक्रार तपासली आणि दाखवून दिले, की गिरण्यांना माणसांचा खरा तुटवडा कधी दीर्घकाळ जाणवलाच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी कामगारांतले जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते.

तुटवडा नव्हता, तर मालक कशाने अस्वस्थ होते? कामगार सोडून जातो याने. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे पगार थकवणे. या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर मिळायचा. न सांगता सोडून गेलेल्याचा राहिलेला पगार बुडायचा. गिरणीत टिकून राहण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असे, की आपलेच पैसे मालकाकडे अडकलेले आहेत.

मग 1896 साली प्लेग आला. मुंबई ओस पडू लागली. मागे राहिलेल्या कामगारांच्या हाती कधी नव्हे ती ताकद आली, आणि त्यांनी रोजचा पगार रोज मागितला. उद्या गावाला जावे लागले तर आजचे पैसे अडकायला नकोत, असा साधा हिशेब होता. गिरणीमालकांनी आपापसात एकी करून विरोध करून पाहिला; पण माणसे हवी असल्याने एकेक गिरणी रोजंदारीवर आली. साथ ओसरली, नवी माणसे आली, आणि जुनी पद्धतही परत आली. पगार अमुक दिवसात दिलाच पाहिजे, हे कायद्याने सांगायला 1936 साल उजाडले. त्या कायद्याने गिरणी कामगाराला महिना भरल्यावर सात किंवा दहा दिवसांत पैसे मिळू लागले. शेतमजूर त्या कायद्याबाहेरच राहिला.

गडी गेला कुठे?

कोकणातला गडी का गेला, याचे उत्तर फणसवाडीत राहून देणे अवघड नाही. तो इकडे आला. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला वेठ चुकत नव्हती, जमिनीवर हक्क नव्हता, पिकाच्या वाट्यात न्याय नव्हता. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षे जमीन कसायला नकार दिला. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. कायदा झाला 1949 साली. पण त्याच्या किती तरी आधी हजारो कुळांनी आपल्यापुरता निकाल लावून घेतला होता. त्यांनी बोट पकडली आणि गिरणगावात गावकीच्या खोलीत वळकटी टाकली. खोताशी भांडण्याइतकी ताकद नसलेल्याच्या हाती एकच शस्त्र होते, निघून जाण्याचे. त्या शस्त्राच्या बळावर आपण मुंबईकर झालो. आजोबांनी ज्या अटी नाकारल्या, त्याच अटींवर दुसऱ्या कुणी आपल्या बागेत राबावे, अशी अपेक्षा त्यांच्या नातवंडांनी धरणे मला पटत नाही.

विनाव्हिसा येणारा मजूर

आता नेपाळी मजुराकडे येऊ. 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ करारातल्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहणे, मालमत्ता घेणे, व्यापार करणे, फिरणे यांची सारखीच मोकळीक दिली आहे. व्हिसा लागत नाही. जगातले फार थोडे हंगामी मजूर असे परक्या देशात उजळ माथ्याने, कुणाची परवानगी न घेता कामाला जाऊ शकतात. ही व्यवस्था मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवाळीच्या सुमारास हे लोक रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या बागांत पोचतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या सहा-सात महिन्यांत काय करतात? मोहोरावर फवारण्या, पाणी, वानरांची राखण, रात्रीची गस्त, मग काढणी, प्रतवारी, पेट्या भरणे. याला अकुशल काम म्हणणाऱ्याने एकदा काढणी पाहावी. फळ चौदा आणे तयार आहे की बाराच आणे, हे खालून, पानांच्या सावलीत, खांद्याची भर आणि सालीची छटा बघून ठरवायचे. ऊन चढायच्या आत लांब काठीच्या टोकाचा झेला वर न्यायचा, फळ जाळीत घ्यायचे आणि देठ राखून काढायचे. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो, काळा डाग पडतो, आणि तिथूनच फळ कुजायला लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने याच कामासाठी 'नूतन झेला' तयार केला. पण झेल्यामागचा हात आणि डोळा माणसाचाच लागतो. कातळावरच्या, उताराच्या बागेत त्याच्या जागी यंत्र येण्याची चिन्हे नाहीत.

हा माणूस कागदोपत्री मोकळा आहे. प्रत्यक्षात मोकळा आहे का? अनेक ठिकाणी खर्चापुरते पैसे आणि शिधा मधून मधून दिला जातो आणि मुख्य हिशेब निघतो आंबा संपल्यावर. कामाचे दिवस, दिलेली रक्कम, कापलेले खाडे हे सगळे मालकाच्या वहीत, मालकाच्या अक्षरात. मार्चमध्ये शेजारच्या बागेत जास्त मजुरी मिळत असली तरी तो जाऊ शकत नाही, कारण चार महिन्यांची कमाई अडकलेली असते. 1950 च्या कराराने जे दिले, ते वहीने काढून घेतले. गिरणीमालकांनी थकवलेल्या पगाराचे हे सख्खे भावंड आहे.

सगळे बागायतदार असे करतात, असे मी म्हणत नाही. वर्षानुवर्षे तीच कुटुंबे परत येतात अशाही बागा आहेत, आणि माणसे परत का येतात हे त्यांच्या मालकांना नीट ठाऊक आहे. माझा आक्षेप पद्धतीला आहे. चांगल्या मालकाच्या चांगुलपणावरच मजुराची कमाई सुरक्षित राहणार असेल, तर तिला सुरक्षित म्हणता येत नाही.

उचल घेणारे दोघे

घाटावर हीच गाठ उलट्या बाजूने मारलेली दिसते. तिथे पैसे मागाहून देत नाहीत, आधी देतात. बीडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' धरतात आणि कोयत्यामागे उचल लाखाच्या घरातही जाते. मग गळीत हंगामभर ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. ही वाढ लढून मिळवलेली आहे, तिचे मोल कमी नाही. पण दर कितीही वाढला तरी कारखाना बदलण्याची सोय झाली नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी कामाची किंवा हिंडण्या-फिरण्याची मोकळीक गमावणे हेच वेठबिगारीचे लक्षण मानले आहे. ती व्याख्या हातात घेऊन साखरपट्ट्यात फिरायला प्रशासन तयार नसते, एवढेच.

आणि इथे बागायतदाराची खरी बाजू मांडली पाहिजे, कारण ती क्वचितच मांडली जाते. तोही उचल घेणाराच आहे. फवारणीच्या दिवसांत त्याच्या हाती रोकड नसते. वाशीच्या बाजारातला दलाल ती पुरवतो, आणि मग पेट्या त्यालाच घालाव्या लागतात. दर त्याचा, पट्टी त्याची, कपात त्याची. दुसऱ्या दलालाकडे भाव चढा असला तरी आधीचे पैसे फिटेपर्यंत तिकडे जाता येत नाही. बागायतदार याविषयी तळमळून बोलतो, आणि त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे असते. मात्र तोच मनुष्य बागेतल्या मजुराची चार महिन्यांची मजुरी हाताशी ठेवतो तेव्हा तो दुसरे काय करत असतो? रोकडीची अडचण दलालाकडून निम्मी सुटते आणि उरलेली निम्मी मजुराकडून. नोव्हेंबर ते मे, मजूर हा बागायतदाराचा बिनव्याजी सावकार असतो. कोकणातल्या आंब्याच्या अर्थकारणातली ही रक्कम कुठल्याच खर्चपत्रकात दिसत नाही.

म्हणून मी हा प्रश्न मालकाच्या वृत्तीचा मानत नाही. खेळत्या भांडवलाचा भार सर्वांत दुबळ्या माणसावर टाकलेला आहे, आणि तो तिथून उचलून बँकेवर ठेवता येतो. किसान क्रेडिट कार्डावर वेळेत परतफेड केली तर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज चार टक्क्यांनी पडते. मजुरीचा खर्च त्यात धरून, ती रक्कम मजुराच्या खात्यावर महिन्याच्या महिन्याला जाईल अशी अट घातली, तर बागायतदाराची अडचण होत नाही आणि मजुराची कोंडी सुटते.

कागद असून बांधलेला

परदेशी व्हिसा आणला की सगळे शिस्तीत होईल, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तिथे 1942 ते 1964 या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकोतून शेतमजूर नेले, करारांची संख्या 46 लाखांच्या घरात गेली. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतले 10 टक्के बचत म्हणून कापून ठेवले गेले. कित्येकांना ते पैसे कधीच मिळाले नाहीत. योजना बंद करण्याचा एक हेतू होता स्थानिक मजुरांची मजुरी वाढवण्याचा. मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की ती तशी वाढली नाही. मालकांनी टोमॅटोला यंत्रे आणली, काही पिके सोडून दिली. 'नेपाळ्यांना हाकला, मग स्थानिकांना भाव येईल' असे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात घ्यावा.

1986 च्या कायद्याने आजचा 'एच-2ए' हा हंगामी शेतमजूर व्हिसा वेगळा झाला. 2005 साली त्याखाली सुमारे 48,000 जागा मंजूर झाल्या होत्या, 2023 साली पावणेचार लाखांहून अधिक. यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. राहण्याची जागा मालकाने फुकट द्यायची, येण्याजाण्याचा खर्च त्याचा, आणि करारात सांगितलेल्या कामापैकी तीन-चतुर्थांश कामाच्या मजुरीची हमी. पण व्हिसा एका मालकाच्या नावाने असतो. त्याच्याशी बिनसले तर देशात राहण्याचा आधारच जातो. तक्रार करण्याची किंमत इतकी मोठी असल्यावर उरलेले हक्क कागदावर राहतात. आखातातली कफाला पद्धतही याच तत्त्वावर उभी राहिली, आणि मालकाच्या दाखल्याशिवाय नोकरी बदलता येण्याची सुधारणा कतारला 2020 साली करावी लागली.

म्हणजे अमेरिकेकडे हमी आहे, मोकळीक नाही. आपल्याकडे कायद्याने मोकळीक आहे, हमी नाही. आणि हमी नसल्यामुळे मोकळीकही हातून जाते. दोन्ही एकत्र आणणारी व्यवस्था उभी करण्याची संधी, खुल्या सीमेमुळे, आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप अनुभवाचा आहे: मजूर पैसे घेऊन पळतात. हे घडते. उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून कर्जात बुडालेले ट्रॅक्टरवाले ऊसपट्ट्यात आहेत, आणि त्यांचे दुःख खोटे नाही. पण फसवणूक घडते ती मोठी रक्कम आधी हातात जाते म्हणून. काम झाले की पैसे, आणि तेही महिन्याच्या महिन्याला, असे झाले तर पळवून नेण्यासारखे मालकाचे काही उरत नाही आणि बुडवण्यासारखे मजुराचेही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. मजूर ऐन काढणीत दुसऱ्या बागेत गेला तर झाडावरचा आंबा कोण उतरवणार? पीक चार दिवस थांबत नाही. मला हा धोका खरा वाटतो, आणि त्याचे उत्तर मजुरी थकवण्यात नसून काढणीच्या महिन्यांचा दर मुळातच चढा ठेवण्यात आहे. हंगाम पुरा करणाऱ्याला ठरलेला बोनसही जरूर द्यावा. बोनस मिळवायला माणूस थांबतो तेव्हा तो स्वतः ठरवून थांबतो. स्वतःची मजुरी सोडवायला थांबतो तेव्हा त्याला थांबवलेले असते. शिवाय नेपाळी मजुरांना आता कोरिया, मलेशिया, आखात खुले आहे. कोरियाने 2007 सालीच नेपाळशी कामगारभरतीचा करार केला. देवगडच्या बागायतदाराची स्पर्धा आता शेजारच्या बागेशी उरलेली नाही. दाबून ठेवण्याच्या जोरावर ही स्पर्धा तो हरणार आहे.

तिसरा, सुरक्षेचा. परदेशी माणूस, ओळख पटवायला हवी, नोंद हवी. हवीच. मात्र नोंद मालकामार्फत आणि ओळखपत्र मालकाच्या कपाटात, असे झाले की तीच नोंद बेडी होते. नोंद ग्रामपंचायतीत व्हावी, मजुराने स्वतः करावी, आणि बाग बदलली तर फक्त पत्ता बदलावा.

कायदा आहे, खिडकी नाही

नवा कायदा मागण्याचीही फारशी गरज नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि काम सोडल्यास दोन कामकाजी दिवसांत देणे बंधनकारक आहे, आणि 1936 च्या कायद्यासारखी ती ठरावीक उद्योगांपुरती नाही. कमतरता दुसरीकडे आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांसाठी 1979 साली कायदा झाला, आता तो दुसऱ्या एका नव्या संहितेत विलीन झाला. पण त्याची संरक्षणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणांपुरती आहेत. पाच-सहा जणांची बाग त्यात येत नाही, आणि नेपाळहून आलेला माणूस तर कुठल्याच राज्यातून आलेला नसतो.

तेव्हा ऑक्टोबर ते जून या काळात आंब्याच्या प्रत्येक तालुक्यात एक मजुरी खिडकी असावी. तिथे नेपाळीत छापलेला एक पानाचा करार मिळावा, ज्यावर महिन्याचा दर, काढणीचा वाढीव दर, राहण्याची जागा आणि तीन-चतुर्थांश कामाची हमी लिहिलेली असेल. झाडावरून पडण्याचा आणि फवारणीच्या विषबाधेचा विमा तिथेच उतरवावा. हिशेबाची वही दोन प्रतींत असावी, एक मजुराकडे. वाद झाला तर त्याचा निकाल त्याच हंगामात लागावा, कारण जूनमध्ये फिर्यादी आठशे कोसांवर गेलेला असतो. खर्चासाठी ऊसतोड कामगारांच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाचा नमुना समोर आहे, जिथे कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेतले जातात. पेटीमागे तशी लहानशी रक्कम बाजारात घेता येईल, आणि ती दलालाच्या कमिशनातून घ्यावी, बागायतदाराच्या पट्टीतून नव्हे.

आणि सरकारची वाट न पाहता करण्यासारखे एक काम मुंबईत आहे. सामाईक सातबाऱ्यावरचे हिस्सेदार इथे बसून मेमध्ये आपल्या वाट्याच्या पेट्या मोजून घेतात, आणि नोव्हेंबरातल्या मजुरीचा भार गावी राहिलेल्या एकट्या भावावर पडतो. तो ती थकवतो यात नवल नाही. हिस्सेदारांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे पहिल्या तीन महिन्यांची मजुरी दिवाळीतच गावी पाठवली, तर कित्येक बागांतली ती वही येत्या हंगामातच बंद होऊ शकते.